उसनं पोतं विकण्याआधी

शिरूर-दौंडच्या जुन्या माणसांना उसनवारी समजावून सांगावी लागत नाही. पावसाळ्यात कणगी तळाला लागली की शेजाऱ्याकडून ज्वारीचं एक पोतं उसनं आणायचं आणि सुगी झाली की पोत्याला पोतं परत करायचं. देणारा पक्का व्यवहारी असेल तर तो सवाईनं किंवा दिडीनं मागायचा. आता असा एक गडी डोळ्यांसमोर आणा, ज्यानं हे पोतं घरी न नेता थेट बाजारात नेलं. टंचाईचे दिवस, भाव चढलेला. त्यानं ते विकून टाकलं. सुगीला भाव पडला की स्वस्तात एक पोतं घ्यायचं, शेजाऱ्याचं शेजाऱ्याला द्यायचं आणि मधला फरक खिशात टाकायचा, असा त्याचा हिशेब.

हिशेबात खोट नाही. पण परतीचा पाऊस दगा देतो, ज्वारी करपते, भाव दुप्पट होतो. शेजारी दारात येऊन म्हणतो, माझं पोतं दे. आणि गावात ज्वारी उरलेली असते ती फक्त त्याच शेजाऱ्याच्या पेवात. आता भाव बाजार सांगत नाही, तो शेजारी सांगतो.

या गोष्टीचा पहिला भाग म्हणजे शॉर्ट सेलिंग, दुसरा भाग म्हणजे शॉर्ट स्क्वीझ. दलाल स्ट्रीटच्या जुन्या बोलीत मंदी करणं आणि मंदीवाल्यांची कोंडी होणं. एके काळी हे खेळ मुंबई-कलकत्त्याच्या पेढ्यांपुरते होते. आता रांजणगावच्या एमआयडीसीत पाळी करणारा मुलगा आणि कुरकुंभच्या कारखान्यात सुपरवायझर असलेला माणूस मोबाइलवर एक बटण दाबून मंदी करू शकतो. बटण दाबायला परवानगी आहे, तो गुन्हा नाही. पण ते दाबण्याआधी ज्वारीच्या गोष्टीतला एक प्रश्न स्वतःला विचारायला हवा: पोतं परत मागायची तारीख कोणाच्या हातात आहे? पुढचं सगळं विवेचन या एका प्रश्नाभोवती आहे.

खरेदी चुकली तर आणि मंदी चुकली तर

तुम्ही ४०० रुपयांचा शेअर विकत घेतला आणि तो २०० वर आला. नुकसान झालं, पण तुमच्या पैशातला जो भाग धोक्यात आहे तो आता निम्माच राहिला. शेअर डीमॅटमध्ये पडून आहे. वर्षभर थांबा, पाच वर्षं थांबा, कोणी दारात येत नाही.

तोच शेअर ४०० ला आधी विकून ठेवला आणि तो ८०० वर गेला, तर तुमच्या डोक्यावरचं देणं दुप्पट झालं. चुकलेली खरेदी वाळत जाते. चुकलेली मंदी गाजरगवतासारखी पसरत जाते. खरेदीत जास्तीत जास्त गुंतवलेले पैसे जातात. मंदीत नफ्याला शून्याची मर्यादा आहे, कारण भाव शून्याखाली जात नाही. तोट्याला मर्यादा नाही, कारण भाव किती वर जाईल याला छत नाही. आणि देणं वाढत असताना ब्रोकर रोज संध्याकाळी मार्जिन, म्हणजे अनामत रक्कम, मागतो. तुमचं मत सहा महिन्यांनी खरं ठरेलही, पण मार्जिन आज संपलं तर सौदा आज मोडतो.

आपल्याकडे मंदीच्या चार वाटा

हातात नसलेला आणि उसनाही न घेतलेला शेअर विकून डिलिव्हरीच न देणं, याला भारतात मनाई आहे. विकणाऱ्यानं सेटलमेंटच्या दिवशी शेअर दिलाच पाहिजे, हा सेबीचा, म्हणजे शेअर बाजाराच्या नियामक संस्थेचा, नियम. जानेवारी २०२४ च्या परिपत्रकात सेबीनं तो पुन्हा सांगितला आहे. या चौकटीत छोट्या गुंतवणूकदाराला चार वाटा उरतात.

पहिली वाट इंट्राडेची. सकाळी विकायचं, बाजार बंद व्हायच्या आत परत घ्यायचं. सव्वातीनच्या सुमारास ब्रोकरची यंत्रणा उरलेले सौदे आपोआप कापते. सोपी दिसते म्हणून बहुतेक जण इथूनच सुरुवात करतात. आता हिशेब पाहा. ४०० रुपयांचे २५० शेअर, म्हणजे एक लाखाचा सौदा. २० टक्के मार्जिन, म्हणजे तुमच्या खिशातले २० हजार. दुपारी एक बातमी येते आणि १० टक्क्यांची मर्यादा असलेला तो शेअर ४४० च्या अप्पर सर्किटला जाऊन बसतो. सर्किटला विकणारा कोणी नसतो. तुमचा स्टॉप लॉस लावलेला असतो, पण समोर माल देणाराच नसेल तर स्टॉप लॉस कागदावरच राहतो. शेअर परत मिळाला नाही, म्हणजे डिलिव्हरी चुकली.

मग एक्स्चेंज लिलावात, म्हणजे ऑक्शनमध्ये, तुमच्यासाठी शेअर शोधतं. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा सर्किटला, ४८४ वर बंद झाला आणि ऑक्शनमध्येही कोणी विकायला आलं नाही, तर क्लोज-आउट होतो. सौद्याच्या दिवसापासून ऑक्शनच्या दिवसापर्यंतचा सर्वात चढा भाव किंवा ऑक्शनच्या दिवशीच्या बंद भावापेक्षा २० टक्के जास्त, यातला जो मोठा तो तुमच्या माथी बसतो. ४८४ वर २० टक्के म्हणजे ५८० रुपये ८० पैसे. तोटा ४५,२०० रुपये. खिशातून घातले होते २० हजार. दोन दिवसांत सगळं मार्जिन गेलं आणि वर २५ हजारांचं देणं झालं. म्हणूनच शहाणे ब्रोकर सर्किटची मर्यादा अरुंद असलेल्या शेअरमध्ये इंट्राडे मंदी करूच देत नाहीत. ब्रोकर देत असेल तरी तुम्ही करू नका.

दुसरी वाट फ्युचर्सची, म्हणजे पुढच्या तारखेच्या वायद्याची. ही रात्रीची मुक्कामी मंदी. ती ठरावीक शेअरांतच करता येते. कुरकुंभमध्ये कारखाना असलेली सिप्ला, रांजणगावात कारखाना असलेली आयटीसी हे त्या यादीतले परिचित शेअर. यादी बदलत असते, म्हणून दर वेळी एक्स्चेंजच्या संकेतस्थळावर पाहावी. फ्युचर्समध्ये एक-दोन शेअर विकता येत नाहीत, अख्खा लॉट विकावा लागतो. समजा लॉट ५०० चा आणि भाव १,५०० चा, तर सौदा साडेसात लाखांचा झाला. रात्रीतून काही घडलं आणि सकाळी भाव ८ टक्के वर उघडला, तर ६० हजार गेले, तेही तुम्ही दात घासत असताना. रोजचा फरक रोज खात्यातून वळता होतो. महिन्याच्या एक्स्पायरीपर्यंत सौदा मिटवला नाही तर प्रत्यक्ष शेअर द्यावे लागतात. २०१९ पासून सगळ्या शेअर-फ्युचर्सना आणि शेअर-ऑप्शन्सना हा नियम आहे.

तिसरी वाट पुट ऑप्शन, म्हणजे ठरलेल्या भावानं शेअर विकण्याचा हक्क, विकत घेण्याची. भाव पडेल असं वाटत असेल आणि ते वाटणं चुकलं तर किती जावं हे आधीच ठरवायचं असेल, तर चारांतली हीच वाट त्यातल्या त्यात सुरक्षित. ४० रुपये प्रीमियमचा ५०० चा लॉट, म्हणजे २० हजार. यापेक्षा जास्त जात नाहीत. मात्र पुट उन्हात ठेवलेल्या बर्फासारखा असतो. भाव हलला नाही तरी तो रोज थोडा वितळतो. आणि एक गोष्ट भल्याभल्यांना माहीत नसते: नफ्यात आलेला शेअरचा पुट एक्स्पायरीपर्यंत तसाच ठेवला आणि तुमच्याकडे शेअर नसतील, तर ते शेअर देण्याची जबाबदारी तुमच्यावर येते. नफ्यातला सौदा ऑक्शनच्या भोवऱ्यात सापडतो. म्हणून पुट एक्स्पायरीच्या चार-पाच दिवस आधीच विकून मोकळं व्हावं.

चौथी वाट एसएलबीची, म्हणजे शेअर रीतसर उसने घेण्याची. सेबीनं डिसेंबर २००७ मध्ये तिची चौकट आखली आणि एप्रिल २००८ मध्ये ती सुरू झाली. शेअर ठरावीक मुदतीसाठी उसना घ्यायचा, त्याचं भाडं द्यायचं. आपली सवाई-दिडीच म्हणा ना. पण या बाजारात उलाढाल तुरळक आहे, हवा तो शेअर हव्या त्या दिवशी मिळेलच असं नाही. छोट्या माणसानं इथे उसने घेण्यापेक्षा देणारा व्हावं. वर्षानुवर्षं पडून असलेले शेअर भाड्यानं देता येतात का, हे आपल्या ब्रोकरला विचारायला हरकत नाही.

दलाल स्ट्रीटची कोंडी, १९८२

कोंडी म्हणजे काय हे समजायला अमेरिकेत जावं लागत नाही. आपल्या मुंबईत ती घडली आहे.

त्या काळी बदला पद्धत होती. सौद्यांचा निकाल पंधरवड्याला लागायचा. ज्याला शेअर घ्यायचा किंवा द्यायचा नसेल तो ‘बदला’ देऊन सौदा पुढच्या पंधरवड्यात ढकलायचा. एरवी हा बदला घेणारा देई. पण बाजारात शेअरच कमी असतील तर उलटं होई आणि विकणाऱ्याला द्यावा लागे. त्याला उंधा बदला म्हणत. १८ मार्च १९८२ ला कलकत्त्याच्या मंदीवाल्यांच्या दलालांनी रिलायन्सच्या शेअरवर विक्रीचा मारा सुरू केला. भाव १३१ वरून १२१ वर आला. हातात शेअर नव्हते. भाव आणखी पाडून स्वस्तात घेऊ, हा बेत होता. पण पडता पडता कोणीतरी घ्यायला लागलं. धीरूभाई अंबानींच्या बाजूचे दलाल येईल तो माल उचलत होते. मंदीवाले विकत गेले, समोरचे घेत गेले.

शुक्रवार, ३० एप्रिल. निकालाचा दिवस. घेणाऱ्यांनी सौदे पुढे ढकलायला नकार दिला. शेअर आणा, नाहीतर शेअरमागे २५ रुपये बदला मोजा. मंदीवाल्यांकडे शेअर नव्हते आणि बाजारातला बराचसा माल त्यांनीच ज्यांना विकला होता त्यांच्याकडे जाऊन बसला होता. वाद एवढा चिघळला की मुंबई शेअर बाजाराचे व्यवहार काही दिवस बंद राहिले. मंदीवाले मिळेल त्या भावानं शेअर गोळा करत हिंडले आणि त्या धावपळीनंच भाव आणखी वर गेला.

ते मंदीवाले नवशिके नव्हते. पिढ्यान्‌पिढ्या बाजारात मुरलेली माणसं होती. त्यांचं दोन ठिकाणी चुकलं. समोर घेणारा कोण आहे आणि त्याच्या तिजोरीची खोली किती, हे त्यांना दिसलं नाही. आणि ३० एप्रिल ही तारीख त्यांच्या हातात नव्हती. बदला पद्धत २००१ मध्ये संपली, निकाल आता पंधरवड्याऐवजी दुसऱ्या दिवशी लागतो. तारीख मात्र अजूनही दुसऱ्याच्याच हातात आहे.

कोंडीवर पैसे लावावेत का?

२०२१ च्या जानेवारीत अमेरिकेत गेमस्टॉप या व्हिडिओ गेमची दुकानं चालवणाऱ्या कंपनीच्या शेअरमध्ये मोठ्या फंडांची कोंडी झाली. बाजारात फिरत्या शेअरपेक्षाही जास्त शेअर शॉर्ट झालेले होते. छोट्या गुंतवणूकदारांनी मिळून खरेदीचा रेटा लावला. २८ जानेवारीला भाव ४८३ डॉलरपर्यंत गेला. मेल्विन कॅपिटल नावाच्या फंडानं त्या एका महिन्यात निम्म्याहून जास्त भांडवल घालवलं. ही कहाणी आपल्याकडेही तरुणांनी चवीनं ऐकली. पण तिचा पुढचा आठवडा कमी जणांना ठाऊक आहे: २ फेब्रुवारीला तोच शेअर ९० डॉलरवर बंद झाला. २८ तारखेला जो चढला त्याचं काय झालं असेल, ते सांगायला नको.

कोंडीत भाव वाढतो तो कंपनी सुधारली म्हणून नव्हे, तर अडकलेल्यांना घेणं भाग आहे म्हणून. त्यांचं घेऊन झालं की पुढे घेणारा कोण? जो शेवटचा आला तो. कांद्याचा भाव चढतो आहे हे ऐकून ज्यानं चढ्या भावात कांदा साठवला आणि दुसऱ्या आठवड्यात नवा माल बाजारात उतरला, त्याची आणि याची गत एकच.

आपल्याकडे आणखी एक फरक आहे. अमेरिकेसारखा ‘या शेअरमध्ये एवढे टक्के शॉर्ट’ असा आकडा इथे छोट्या माणसाला सहज पाहता येत नाही. जे दिसतं ते फ्युचर्समधलं ओपन इंटरेस्ट, म्हणजे उभ्या सौद्यांची संख्या. ते भावासोबत वाचावं. भाव पडतोय आणि उभे सौदे वाढताहेत, तर नवी मंदी होते आहे. भाव वाढतोय आणि उभे सौदे कमी होताहेत, तर मंदीवाले पळताहेत. ही तेजी उसनी आहे, ती टिकेल असं धरू नये. भाव आणि उभे सौदे दोन्ही वाढताहेत, तर नवे घेणारे येताहेत. उभे सौदे ठरलेल्या मर्यादेच्या ९५ टक्क्यांवर गेले की एक्स्चेंज त्या शेअरमध्ये नवे सौदे बंद करतं, फक्त जुने मिटवता येतात. असा शेअर म्हणजे गर्दीची गाडी. चढायच्या भानगडीत पडू नये.

आणि टेलिग्रामवर ‘उद्या या शेअरमध्ये मंदीवाले अडकणार, आजच घ्या’ असा निरोप आला, तर तो शेअर फ्युचर्सच्या यादीत आहे का ते आधी पाहा. नसेल, तर त्यात रात्रीची मंदी करायला जागाच जवळपास नाही. मग अडकणार कोण? अडकणार आहे तो निरोप वाचणारा. साधना ब्रॉडकास्ट या छोट्या कंपनीबद्दल यूट्यूबवर खोट्या आशा दाखवणारे व्हिडिओ टाकून भाव चढवला गेला आणि चढ्या भावात माल लोकांच्या गळ्यात मारला गेला, असं सेबीनं मार्च २०२३ च्या आपल्या आदेशात नोंदवलं आहे.

आपल्या भागातले तीन सापळे

पहिला सापळा वेळेचा. बाजार सव्वानऊ ते साडेतीन. कारखान्याची पहिली पाळी नेमकी याच वेळात. लाइनवर मोबाइल नेता येत नाही, तो लॉकरमध्ये असतो. जेवणाच्या सुटीत वीस मिनिटं हातात येतो. अकराला केलेली मंदी साडेबारापर्यंत काय झाली ते कळत नाही. शेतकऱ्याचंही तेच: थ्री फेज लाइट आली की मोटार आणि बारी आधी, भाव नंतर. गाडीत दौंड ते पुणे उभ्यानं जाणाऱ्या माणसाच्या एका हातात कडी असते. इंट्राडे मंदी हे दिवसभर पडद्यासमोर बसणाऱ्याचं काम आहे, आणि तशा बसणाऱ्यांचंही भलं होत नाही. सेबीच्या पाहणीनुसार २०२२-२३ मध्ये रोख बाजारात इंट्राडे करणाऱ्या दर १० पैकी ७ जणांना तोटा झाला. फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये २०२४-२५ या वर्षी ९१ टक्के वैयक्तिक ट्रेडर तोट्यात गेले. सगळ्यांचा मिळून तोटा एक लाख कोटी रुपयांच्या वर.

दुसरा सापळा ‘आपल्याला यातलं कळतं’ याचा. उसातलं दौंडकराला कळतं, कांद्यातलं शिरूरकराला. २०२३ च्या डिसेंबरचा पहिला पंधरवडा आठवा. ७ डिसेंबरला केंद्रानं उसाच्या रसापासून इथेनॉल करायला बंदी घातली आणि साखर कंपन्यांचे शेअर कोसळले. त्याच आठवड्यात कांद्याची निर्यातबंदी आली. उसाच्या पट्ट्यातल्या कोणालाही वाटलं असतं, आता साखरेचे शेअर आणखी पडणार, करा मंदी. आठच दिवसांनी, १५ डिसेंबरला, सरकारनं बंदी सैल करून १७ लाख टन साखरेच्या मर्यादेपर्यंत रस आणि बी-हेवी मळी वापरायला परवानगी दिली, आणि साखरेचे शेअर उसळले. मंदी करणाऱ्याचं उसाचं ज्ञान खोटं नव्हतं. पण दिल्लीतल्या एका सहीची तारीख त्याला ठाऊक नव्हती.

तिसरा सापळा सर्वात धोक्याचा, कारण त्यात पैसे जाण्याआधी इभ्रत जाते. रांजणगाव आणि कुरकुंभच्या कित्येक कारखान्यांच्या मालक कंपन्या शेअर बाजारात नोंदलेल्या आहेत. तिथे काम करणाऱ्याला गोष्टी आधी दिसतात: लाइन बंद ठेवायची आहे, मोठी ऑर्डर गेली, औषधाच्या प्लँटच्या तपासणीत गंभीर दोष निघाले, स्फोट झाला. ही बातमी कंपनीनं एक्स्चेंजला कळवण्याआधी तिच्यावर मंदी करणं, म्हणजे सेबीच्या २०१५ च्या नियमांप्रमाणे इनसायडर ट्रेडिंग. ते फक्त साहेबांना लागू आहे असं समजू नका. कँटीनचा कंत्राटदार, गाड्या लावणारा ट्रान्सपोर्टवाला, घरात बोलताना ऐकलेला मेहुणा, अशी माहिती ज्याच्याकडे आहे तो कोणीही त्यात येऊ शकतो. दंड १० लाखांपासून सुरू होतो आणि २५ कोटी किंवा नफ्याच्या तिप्पट, यातली मोठी रक्कम, इथपर्यंत जाऊ शकतो. आपण जिथे भाकरी कमावतो त्या कंपनीच्या शेअरमध्ये मंदी करायची नाही, हा नियम डोळे झाकून पाळावा.

शेअर तुमच्याकडे असेल आणि मंदीवाले तुटून पडले तर

मंदी करणारा हा खलनायकच असतो असं नाही. बाजार फुगलेला असताना ‘राजा उघडा आहे’ म्हणणारा लागतो. सरकारनं किंवा सेबीनं मंदीला लगाम घातला तरी पडझड थांबतेच असं नाही: २० मार्च २०२० ला सेबीनं मंदीच्या सौद्यांवर कडक मर्यादा जाहीर केल्या, त्या २३ मार्चपासून लागू झाल्या, आणि त्याच २३ मार्चला सेन्सेक्स १३ टक्के कोसळला.

२४ जानेवारी २०२३ ला अमेरिकेच्या हिंडनबर्ग रिसर्चनं अदानी समूहावर अहवाल काढला. आपण या समूहावर मंदी केली आहे, तीही अमेरिकेत व्यवहार होणारे रोखे आणि भारताबाहेरची डेरिव्हेटिव्ह्ज वापरून, हे त्यांनी स्वतःच सांगितलं होतं. अदानी एंटरप्रायझेसचा शेअर तेव्हा ३,४०० च्या वर होता. ३ फेब्रुवारीला तो १,०१७ पर्यंत घसरला आणि त्याच दिवशी १,५८० च्या वर बंद झाला. या एका दिवसात दोन प्रकारची माणसं मेली. घाबरून तळाला विकणारी आणि ‘अजून पडेल’ म्हणून तळाला मंदी करणारी.

अशा वेळी शेअर तुमच्याकडे असेल तर घाईनं काही करण्याआधी चार गोष्टी तपासा. तो शेअर कर्जावर, म्हणजे ब्रोकरच्या मार्जिन सुविधेवर घेतला आहे का? असेल तर कर्जाचा भाग आधी मोकळा करा. कर्जावरचा शेअर तुमच्या इच्छेवर थांबत नाही. प्रवर्तकांनी स्वतःचे शेअर किती तारण ठेवले आहेत? भाव पडला की तेही विकले जाऊ शकतात. आरोपाला कंपनीनं एक्स्चेंजकडे दिलेलं उत्तर काय आहे? ते वाचा, व्हॉट्सॲपवरचं नको. आणि या एका शेअरमध्ये तुमच्या बचतीचा किती हिस्सा आहे? दहाव्या भागापेक्षा जास्त असेल, तर तुमचा प्रश्न मंदीवाल्यांचा नसून तुमच्या वाटणीचा आहे.

सौद्याआधी वहीत लिहायचं

एवढं वाचूनही मंदी करायचीच असेल, तर मोबाइलला हात लावण्याआधी वहीत सहा ओळी लिहा.

१. हा शेअर कोणत्या तारखेपर्यंत परत द्यायचा आहे: आज सव्वातीन, एक्स्पायरी, की एसएलबीची मुदत?

२. उद्या भाव २० टक्के वर उघडला तर किती रुपये जातील? रक्कम टक्क्यांत नको, रुपयांत लिहा. घरातल्यांना ती मोठ्यानं वाचून दाखवा.

३. येत्या पंधरा दिवसांत काय ठरलेलं आहे: तिमाही निकाल, बोनस, बायबॅक, सरकारी निर्णय, निवडणुकीचा निकाल? ३ जून २०२४ ला सेन्सेक्स अडीच हजार अंशांनी वर गेला आणि दुसऱ्याच दिवशी जवळपास ४,४०० अंशांनी खाली आला. अशा आठवड्यात दोन्ही बाजूंची माणसं कापली जातात.

४. पैसे कुठले आहेत? उसाचं बिल, पोरीच्या लग्नाची ठेव, सोसायटीचं कर्ज, यातलं काहीही असेल तर वही बंद करा.

५. फ्युचर्सऐवजी पुट घेऊन काम भागेल का? भागत असेल तर पुट घ्या, एकच लॉट, आणि त्याचे पैसे गेले असं आजच धरा.

६. कराचं काय? इंट्राडेचा नफा-तोटा सट्ट्याच्या व्यवसायाचा आणि फ्युचर्स-ऑप्शन्सचा साध्या व्यवसायाचा धरला जातो. शेतीच्या उत्पन्नाला कर नाही म्हणून विवरणपत्र न भरणाऱ्यालाही हे व्यवहार दाखवावे लागू शकतात. तोटा पुढच्या वर्षी ओढायचा असेल तर मुदतीत विवरणपत्र भरणं गरजेचं आहे.

सातवी ओळ लिहायची गरज नाही, ती पाठच असावी: आपलं खातं, पासवर्ड आणि ओटीपी दुसऱ्याच्या हाती द्यायचा नाही. ‘तुम्ही पैसे द्या, आम्ही ट्रेडिंग करून महिन्याला ठरावीक टक्के देतो’ म्हणणाऱ्यांनी शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यात शेवगावकडे किती घरं बुडवली, ते आपण ऐकून आहोत. सल्लागार सेबीकडे नोंदलेला आहे का ते सेबीच्या संकेतस्थळावर पाहता येतं. ब्रोकरविरुद्धची तक्रार स्कोअर्सवर करता येते, आणि ऑनलाइन फसवणूक झालीच तर पहिल्या तासात १९३० ला फोन लावावा.

शेवटी स्पष्ट मत. मंदी हे एक हत्यार आहे आणि ज्याच्याकडे मोकळा वेळ, मोकळा पैसा आणि थंड डोकं तिन्ही आहे, त्यानं ते मापात वापरायला हरकत नाही. पण आपल्या घरातल्या तारखा आधीच ठरलेल्या आहेत. कारखान्याचं बिल कधी येणार, सोसायटी कधी भरायची, पाळी कधी सुटणार, पाणी कधी येणार. इतक्या तारखा सांभाळणाऱ्यानं आणखी एक तारीख, तीही दुसऱ्याच्या हातातली, आपल्या डोक्यावर घेऊ नये. पडेल असं वाटणारा शेअर न घेणं, हीसुद्धा मंदीच आहे. तिला मार्जिन लागत नाही आणि तिची कधी कोंडी होत नाही.